अभ्यासाची इर्जिक

धम्मरत्न सरांचा फोन आला तेव्हा अख्खं घर वांग्याच्या तोडणीत होतं, आणि फोन ठेवल्यावर वांगी राहिली बाजूलाच. सुचिताचा प्रकल्प सातवीच्या वर्गात सगळ्यांत चांगला ठरला होता. रविवारी सकाळी तिनं तो मोबाइलवरून वर्गाला आणि पालकांना समजावून सांगायचा होता. फोन देवमननं घेतला होता, म्हणजे बातमी सांगायचा मान बापाचाच. पण त्याच्या तोंडून अर्धी निघेपर्यंत धाकट्या भावानं, स्वप्निलनं, उरलेली अर्धी ओळखली आणि धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, ओरडून आईला सांगून टाकली. गिरजाबाईंनी तिथल्या तिथं नातीवरून कडाकडा बोटं मोडली. पंजाबरावांनी टोपी काढली, झटकली आणि पुन्हा घातली. हर्रासात, भाजीच्या लिलावात, भाव चांगला लागला तरच म्हातारा एवढं करत असे.

एकटी सुचिता मान खाली घालून वांगी तोडत राहिली. पोरगी लाजली, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं.

ती लाजली नव्हती. ती घाबरली होती, कारण त्या प्रकल्पातलं एकही अक्षर तिचं नव्हतं.

आता यात कुणाच्या मनात लबाडी होती असं म्हणाल तर तसं काही नव्हतं. टाळेबंदीत शाळा बंद पडल्यापासून रोज सकाळी सर मोबाइलवर अभ्यास धाडत आणि संध्याकाळपर्यंत त्याचे फोटो परत मागत. पंजाबरावांचा मळा कारंजा शहराला लागूनच, त्यामुळे नेटवर्कचं रडगाणं या घरात नव्हतं. मोबाइलही तीन होते. नव्हती ती एकच गोष्ट: एकट्यानं काम करायची सवय. पूर्वी गावात कुणाचं काम अडलं की दहा घरं गोळा होऊन एका दिवसात ते उरकून देत, आणि मग त्यानं त्यांच्या वावरात जाऊन राबायचं. ती इर्जिक गावातून केव्हाच गेली, पण या घरातून गेली नाही. रोपं लावायची तर सगळ्यांनी, पालक धुवायचा तर सगळ्यांनी, कुणाला ताप आला तरी काढा करायला चार माणसं चुलीपाशी. मग सुचिताचा अभ्यास तेवढा कसा सुटणार?

सुरुवात एका अपूर्णांकानं झाली. पोरगी पेन्सिल दातात धरून बसली होती. स्वप्निलनं पाहिलं, म्हणाला, आण इकडे, आणि दोन मिनिटांत गणित सोडवून टाकलं. तो बीएस्सी होऊन घरी बसला होता, त्याच्या हुशारीला दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. मग नकाशा आला. देवमनचा हात लहानपणापासून चित्रात चांगला, त्यानं कोकण किनारा असा काही काढला की समुद्राला भरती यावी. निबंध गिरजाबाई तोंडी सांगत. आणि सगळं सुवाच्य अक्षरात उतरवायचं काम उज्ज्वलाचं, कारण मायलेकींचं अक्षर एकसारखं, असं सगळे म्हणत. त्याच्या बदल्यात सुचिता मेथीच्या आणि सांबाराच्या जुड्या बांधायची. कोथिंबिरीला इकडे सांबार म्हणतात. चिमुकल्या बोटांनी ती अशा भराभर जुड्या बांधी की गिरजाबाई मागे पडत. सगळ्यांना वाटे, हिशेब बरोबर आहे: पोरगी घराचं काम करते, घर पोरीचं काम करतं.

आणि खरं सांगायचं तर उज्ज्वलाला ते लिहायला फार आवडत होतं. नववीत असताना तिची शाळा सुटली, लग्न झालं, आणि त्यानंतर तिच्या हातात पेन आलं ते फक्त दळणाच्या डब्यावर नाव घालण्यापुरतं. आता रोज दुपारी समास आखून, शीर्षकाखाली रेघ मारून ती लिहायला बसे. इतिहासातल्या सनावळ्या तिला पाठ झाल्या होत्या. लेकीला झाल्या की नाही, हे विचारायचं तेवढं राहून गेलं.

रविवार उजाडला. प्रकल्प ठिबकचा होता: पाटानं पाणी दिलं तर किती लागतं, ठिबकनं किती, बचत किती टक्के. स्वप्निलनं तो लिहिला होता, देवमननं तक्ता रंगवला होता. तीन दिवस चौघांनी मिळून सुचिताकडून पाठ करून घेतला होता. बाजेवर उशी, उशीला टेकून मोबाइल, समोर दोन वेण्या घातलेली सुचिता, आणि मोबाइलला दिसणार नाही अशा बेतानं बाजेपलीकडे घरची चार माणसं. उज्ज्वला दारात उभी होती. अमरावतीहून रुपाबाईही मोबाइलवर हजर होती. पंजाबरावांची ही मधली लेक, देवमननं तिला मुद्दाम बोलावलं होतं. भाचीचं कौतुक आत्यानं पाहायला नको?

पाठ केलेलं सुचितानं एका दमात म्हणून टाकलं. सर खूश झाले. मग त्यांनी अगदी साधं विचारलं, की चाळीस टक्के बचत होते असं तू लिहिलंस, ते चाळीस कसे काढले?

सुचितानं नजर वर आढ्याला लावली.

बाजेपलीकडून स्वप्निल कुजबुजला की आधी शंभरनं गुण. देवमन कुजबुजला की गुणू नको, आधी वजा कर. गिरजाबाईंनी सांगितलं, घाबरू नको वं माय, सरासंग बोल. आणि पंजाबरावांना तर कुजबुजताच येत नव्हतं, सारा जन्म हर्रासात ओरडण्यात गेलेला. ते आपल्या परीनं हळूच म्हणाले, "चाळीस लिवलंच कायले? अर्धं पानी वाचते, मी सांगतो ना."

हे सगळ्या वर्गानं ऐकलं. कुणाचा तरी बाप फिसकन हसला. सर भला माणूस. ते म्हणाले, "आबाजी, तुमचं उत्तर मी मागून घेतो. आधी सुचिताला बोलू द्या." पण सुचितानं तोवर मोबाइल उचलून उशीवर पालथा घातला होता. ती उठली आणि मागच्या अंगणात निघून गेली. पालथ्या मोबाइलमधून सरांचा आवाज येत राहिला, काही हरकत नाही सुचिता, काही हरकत नाही. आणि घरातली मोठी माणसं चोरी सापडल्यासारखी त्याच्याकडे बघत उभी राहिली.

रुपाबाईचा फोन यायला कितीसा वेळ लागणार? तिनं देवमनला साफ सांगितलं की पोरीला उद्याच्या उद्या अमरावतीला आणून सोड. गाड्या सुरू झाल्या आहेत, इथं माझ्या पोरासंग बसेल, मी स्वतः दोघांचा अभ्यास घेईन. तिथं मळ्यात राहिली तर जुड्या बांधण्यातच जन्म जायचा तिचा. देवमन हो म्हणाला. शरमेच्या तावात माणूस कशालाही हो म्हणतो.

जेवणं तशीच राहिली. सगळे पुढच्या सपरीत, ओसरीवर, बसले आणि जो तो दुसऱ्याच्या माथी खापर फोडू लागला. देवमनचं म्हणणं, स्वप्निलनं पोरीला पांगळी केली. स्वप्निलला ते फार लागलं. त्याच्या मते मदत करणं हा गुन्हा असेल तर कोकण किनारा काय सुचितानं काढला होता? गिरजाबाई लेकीच्या बाजूनं होत्या: रुपा बरोबर बोलते, तिच्याकडे शिस्त आहे, पोरगी चार महिने राहील, काही बिघडत नाही. पंजाबराव खांबाला टेकून अंगणाकडे पाहत होते. या घरात त्यांचा कौल नेहमी रुपाकडे असे, हे सगळ्यांना माहीत होतं, म्हणून त्यांना कुणी विचारलंही नाही.

उज्ज्वला एवढंच म्हणाली की मी पोरीला पाठवणार नाही.

देवमन तिच्यावर उसळला. "तुले पोरगी नाई पाहिजे. तुले तिची वही पाहिजे लिवाले."

उज्ज्वलाचं तोंड उतरलं. ती रागावली असती तर बरं झालं असतं, पण तिला राग आला नाही, कारण त्यात थोडं खरं होतं आणि ते तिला त्याच क्षणी कळलं. आपली सुटलेली शाळा आपण लेकीच्या वहीत भरून काढत होतो. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली.

आणि तेव्हा गिरजाबाईंनी बाजू बदलली. सून घरात आल्यापासून तेरा-चौदा वर्षांत जे झालं नव्हतं ते झालं. त्या लेकाला म्हणाल्या की तोंड सांभाळ देवमन, लिवत तं आमी सारेच व्हतो. निबंध मी सांगतला तवा तूच म्हने, वा माय, मस्त झाला. आता एकट्या तिलेच काहून बोलतं? मग त्या सुनेशेजारी सरकून बसल्या आणि तिथून उठल्या नाहीत.

"पोरीले इचारलं काय कोनी?" हे पंजाबराव.

सुचिता मागच्या अंगणात मेथी निवडत होती. रडून झालं होतं, डोळे सुजलेले होते, पण हात चालू होते. तिला समोर बोलावलं. तिच्या आजोबांनी विचारलं की अमरावतीला जाशील का. तिनं मान हलवली, नाही. मग देवमननं विचारलं, अन् हितं राहून काय करशील, आज पाहिलं ना सगळ्यांनी, काहीच आलं नाही तुले.

"मले येत व्हतं," सुचिता म्हणाली.

तिच्या हातात मेथीची अर्धी बांधलेली जुडी तशीच होती.

"म्हंजे येऊन राह्यलं व्हतं. सरानं इचारलं, मी मनात मांडून राह्यली व्हती. तितक्यात तुमी चारी जनं बोलले. नेहमीच असं होते. मी पेन्सिल धरून बसली की काका घेऊन घेते. त्याले वाटते मले नाई येत. मले फकस्त येळ लागते, पप्पा. मले कोनी करूच नाई देल्लं."

ती ओरडून बोलली नाही, तक्रारही केली नाही. एखाद्या गिऱ्हाइकाला भाजीचा भाव सांगावा तशी तिनं आपली गोष्ट सांगितली, आणि म्हणूनच ती सगळ्यांच्या काळजात घुसली. स्वप्निलला ती पहिल्या दिवसाची पेन्सिल आठवली. त्याच्या भोळ्या डोक्यात इतके महिने कधी आलंच नव्हतं की दातात पेन्सिल धरलेलं माणूस विचार करत असू शकतं.

देवमन मात्र भलतंच काही आठवत बसला होता. तो अठरा वर्षांचा होता तेव्हा पंजाबरावांनी त्याला पहिल्यांदा हर्रासात पुढे उभं केलं होतं. दलालानं भाव विचारला. देवमननं तोंड उघडलं आणि मागून बाप बोलला. दुसऱ्या दिवशीही तेच झालं. मग तोंड उघडायचीच गरज राहिली नाही. आता वय चाळिशीला आलं, बाप आठ-आठ दिवस बाजारात येत नाही, तरी भाव बोलण्याआधी याची मान आपोआप मागे वळते. दलालांना ते माहीत आहे. ते हसतात, हेही देवमनला माहीत आहे. आजवर ही गोष्ट त्यानं बायकोलाही सांगितली नव्हती.

"बाबा," तो बापाकडे न पाहता म्हणाला, "मी आजबी हर्रासात मांगं पाहतो. तुमी नसले तरी."

पंजाबरावांनी लेकाकडे पाहिलं. त्यांना वाईट वाटलं, खूप वाईट वाटलं. त्यांची आजवरची समजूत अशी, की पोरगा आदरानं मागे पाहतो. इतकी वर्षं त्या गोष्टीचा त्यांना अभिमान होता. काही वेळ ते आपल्या तळहातावरच्या घट्ट्यांवर अंगठा फिरवत राहिले. मग म्हणाले, "मले वाटे, तुले आधार होते."

"आधार व्हता," देवमन म्हणाला. "पन तोंड नाई उघडलं."

हे बापलेकांचं बोलणं एवढंच झालं. दुसऱ्या एखाद्या घरात यावर वर्षभर अबोला धरला असता. इथं पंजाबराव उठले, नातीजवळ गेले, तिच्या हातातली अर्धी जुडी काढून घेतली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "आजपासून हिच्या अभ्यासाले कोनी हात लावाचा नाई. संग बसा. लागंल तितका येळ बसा. पन हात लावाचा नाई. मीबी नाई."

गिरजाबाईंनी मग विचारलं की हात लावायचा नाही तर नुसतं बसून करायचं काय, अन् हिचं अडलं म्हंजे? सुचिताजवळ उत्तर तयार होतं. कधीपासून तयार असेल कोण जाणे. अडलं की मी हाक मारीन, ती म्हणाली, तवा काकानं या. आधी नाही. आणि आईकडे वळून म्हणाली, "तू फकस्त इचार, हे कसं केलं म्हनून. मी तुले सांगन."

उज्ज्वलानं मान डोलावली.

देवमनचं मन अजून पुरतं वळलं नव्हतं. बहिणीला शब्द दिला होता. तो म्हणाला, आज संध्याकाळचा अभ्यास पाहू, अन् बॅग भरायची का नाही ते उद्या ठरवू. म्हणजे सगळं एका संध्याकाळवर येऊन ठेपलं.

सरांनी रविवार असूनही एकच गणित पाठवलं होतं. बहुतेक त्यांनीही मुद्दामच पाठवलं असावं. ऐंशी बिया पेरल्या, साठ उगवल्या, तर किती टक्के उगवल्या नाहीत? भाजीवाल्यांच्या घराला असलं गणित म्हणजे रोजचा खेळ. उज्ज्वलानं ते मोठ्यानं वाचून दाखवलं मात्र, पंजाबरावांच्या मनात उत्तर तयार झालं: चारातली एक गेली. त्यांनी तोंडात सुपारी टाकली आणि दातांखाली घट्ट धरली.

सुचिता वही घेऊन बसली. तिनं ऐंशी लिहिले, साठ लिहिले, वजा केले, वीस आले. इथपर्यंत सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. मग तिनं पेन्सिल दातात धरली.

बाप्पा, किती लांबलं ते! गिरजाबाई दोनदा जपमाळ शोधून आल्या. देवमन आपलेच दोन्ही हात मांडीखाली दाबून बसला होता. उज्ज्वला मेथीच्या जुड्या बांधत होती. आज त्या कामावर तिची पाळी होती, आणि लेकीच्या तुलनेत ती फारच हळू बांधत होती. शेवटी सुचितानं वीस भागिले साठ लिहिलं. स्वप्निलच्या घशातून एक चमत्कारिक आवाज आला. तो ताडकन उठला, मोटर बंद करून येतो म्हणाला आणि बाहेर गेला. मोटर दुपारपासून बंदच होती.

"हे कसं केलं, सांग बरं," उज्ज्वलानं विचारलं.

सुचितानं सांगितलं: वीस गेल्या, साठ राहिल्या, म्हणून साठानं भागलं. उत्तर तेहेतीस पूर्णांक एक तृतीयांश टक्के. उज्ज्वलाला ते चुकल्यासारखं वाटत होतं, सासऱ्यांच्या चेहऱ्यावरून तर खात्रीच पटली. तरी ती फक्त बरं म्हणाली. देवमनच्या कपाळाची शीर फुगली. पोरीनं तिरपातिरपा फोटो काढला. तिचं खरं अक्षर आईच्या अक्षराहून जरा मोठं आणि डावीकडे कललेलं होतं, हे त्या फोटोत सगळ्यांनी शाळा बंद झाल्यापासून पहिल्यांदा पाहिलं. मोबाइल बापाच्या अगदी हाताशी होता. एक शब्द बोलला असता तर गणित बरोबर होऊन गेलं असतं, बॅगेचा प्रश्नही मिटला असता. देवमन बोलला नाही. सुचितानं चुकलेलं उत्तर सरांना पाठवलं आणि पोटभर जेवून झोपली. दुपारचंही जेवण तिनं तेव्हाच भरून काढलं.

सकाळी वहीच्या फोटोवर तांबडी फुली मारून आली. खाली सरांनी काहीही लिहिलं नव्हतं.

सुचितानं फुली पाहिली. देवमन गोणीचं तोंड शिवता शिवता तिच्याकडे चोरून बघत होता. पोरगी आता रडते की काय, असं त्याला वाटलं. ती रडली नाही. वही घेऊन आईजवळ चुलीपाशी जाऊन बसली आणि कालचंच पुन्हा सांगू लागली: ऐंशी पेरल्या, साठ उगवल्या, वीस गेल्या. मग साठानं काहून भागलं, असं आईनं विचारलं नाही. नुसतं म्हणाली, बरं, मंग? आणि सांगता सांगता सुचिता मध्येच थांबली.

"थांब ना वं आई. गेल्या त्या साठातून नाई गेल्या. गेल्या त्या ऐंशीतून." तिनं तिथंच जमिनीवर बोटानं भागाकार मांडला. "पंचवीस. चारातली एक."

बाहेर पंजाबरावांनी टोपी काढली नाही की झटकली नाही. ते सरळ उठले आणि मेथीच्या ढिगाशी जाऊन जुड्या बांधायला बसले, कारण आज ते काम करायला पोरगी मोकळी नव्हती.

देवमननं बहिणीला फोन लावला. रुपाबाईनं पहिल्यांदा हेच विचारलं की किती वाजता निघता, मी पलंग लावून ठेवला आहे. देवमन म्हणाला, पोरगी नाही येत.

"काहून? काय झालं?"

"काल तिचं गनित चुकलं."

"मंग तं आनच तिले."

"नाई रुपा. तिचं तिनं चुकवलं. अन् आज तिचं तिनं दुरुस्त केलं. आमी कोनी बोललो नाई."

रुपाबाईला यात काय मोठं ते कळेना. ती म्हणाली, आमच्या पोराचं, आदर्शचं पाहा, मी स्वतः संग बसते, शाळा बंद झाल्यापासून त्याचं एकबी गणित चुकलं नाही, एकबी, आणि असं म्हणता म्हणता तिचा आवाज बारीक होत गेला. देवमन काही बोलला नाही. आता गप्प बसणं त्याला जमू लागलं होतं.

"दादा," मग रुपाबाईनं हळूच विचारलं, "तुमी नेमकं काय केलं?"

"काईच नाई केलं," देवमन म्हणाला. "लय अवघड जाते, पन जमते."